साडेसहा लाखांत देऊ का माझी एसएलके?

पत्र थोडक्यात असं आहे. विश्रामबाग, सांगलीचे एक वाचक, वय ६२, हळदीची अडत, आता बरंचसं काम पुतण्या बघतो. २०११ मध्ये त्यांनी पुण्यातून पहिल्या मालकाकडून २००८ ची मर्सिडीज एसएलके २०० घेतली, रुपेरी रंगाची, दोन सीटची, बटण दाबलं की छत उघडणारी. आजपर्यंत ४१ हजार किलोमीटर. अंगावर ओरखडा नाही, एकूण एक बिल फाईलला लावलेलं. दोन वर्षांपासून कंबर धरलीय, आणि गाडी इतकी खाली की बसता-उठताना कुणाचा तरी हात लागतो. मुलगा हैदराबादला, त्याला दोन लहान मुलं, त्यामुळे त्याला दोन सीटची गाडी नको. पुण्यातला एक डीलर साडेसहा लाख म्हणतो. ऑनलाइन जाहिरातीत अशाच गाड्या १४-१५ लाखांना दिसतात. मित्राचा २४ वर्षांचा मुलगा १० लाख देतो म्हणतो, पण ४ आत्ता आणि बाकीचे "बेदाण्याचे पैसे आले की". तो सायलेन्सर बदलणार, गाडीला काळं रॅप करणार, म्हणजे रंगावर काळी फिल्म चढवणार, असंही कानावर आलंय. बायको म्हणते ठेवायची तर ठेवा, विकायची तर विका, पण रोज रात्री जेवताना हा विषय नको. यांना स्वतःला वाटतं की अजून आठ-दहा वर्षं सांभाळली तर विंटेज होऊन भाव येईल. शेवटी विचारतात, "लेक सासरी पाठवल्यासारखं वाटतंय. कुणाला देऊ? की देऊच नको?"

नमस्कार काका,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं हा हिशोबाचा प्रश्न आहे, साडेसहा की दहा की पंधरा. दुसऱ्यांदा वाचताना तिसऱ्या पानावर थांबलो, तिथं तुम्ही लिहिलंय की रविवारी सकाळी कव्हर काढतो, गाडी पुसतो, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवतो आणि परत कव्हर घालतो. छत उघडून शेवटचं कधी फिरलात ते चार पानांत कुठेच नाही. म्हणजे गाडी चालवणं तर तुमचं आधीच सुटलंय, फक्त सांभाळणं सुटत नाहीये, आणि सांभाळण्याचं मोल कुणी द्यायचं हा तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. डीलरने ते दिलं नाही म्हणून राग आहे, मित्राचा मुलगा ते धुळीला मिळवेल म्हणून भीती आहे, आणि विंटेज झाली तर सरकार तरी देईल अशी आशा आहे.

आधी ही विंटेजची आशा बाजूला काढू, कारण तिच्यापायी तुम्ही अजून दहा वर्षं कव्हर काढत-घालत बसाल. आपल्याकडे विंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम २०२१ मध्ये आले आणि त्यात विंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवर झालेली, मूळ रूपात ठेवलेली गाडी. तुमची गाडी २००८ ची, म्हणजे २०५८ उजाडेल. शौकीन लोक त्याआधीही एखाद्या गाडीला क्लासिक म्हणतात, जास्त पैसेही देतात, पण त्यावर भरवसा ठेवून सातबाऱ्यासारखी गाडी धरून ठेवू नका.

याच्या उलट भीती पण तुमच्या पत्रात आहे, की १५ वर्षं झाली म्हणजे आता भंगारातच काढतील. हे अर्धवट ऐकलेलं आहे. १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरचे निर्बंध दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी आले, आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे १५ वर्षांनी आरसीचं, म्हणजे नोंदणीच्या कागदाचं, नूतनीकरण करायचं, गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढची पाच वर्षं चालवायची. तुम्ही ते २०२३ मध्ये केलंय, पावती आहे म्हणालात, फारच छान. तेव्हा इम्पोर्टेड गाडी म्हणून ४० हजार फी भरताना हात थरथरला असं लिहिलंय, कारण साध्या गाडीला हीच फी ५ हजार होती. पण पुढचं ऐका. ऑगस्ट २०२५ मध्ये नियम बदलला आणि २० वर्षांवरच्या इम्पोर्टेड चारचाकीला नूतनीकरणाची फी ८० हजार झाली. तुमची आरसी २०२८ ला संपते आणि तेव्हा गाडी २० वर्षं पूर्ण करून पुढे जाणार, म्हणजे ही वाढीव फी लागू शकते. जो कोणी आज ती घेईल त्याच्या डोक्यात हा खर्च असणार, डीलरच्या तर नक्कीच आहे, आणि जसजसं २०२८ जवळ येईल तसतसा तो किमतीतून जास्त वजा होणार. म्हणून "अजून दोन वर्षं बघू" हा तुमच्या सगळ्या पर्यायांत सगळ्यात महाग पर्याय आहे. ठेवायचीच तर मनापासून ठेवा आणि २०२८ चे पैसे आत्ताच बाजूला काढा, नाहीतर यंदाच विका.

आता "फक्त ४१ हजार किलोमीटर" बद्दल. तुम्हाला ही गाडीची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. आहेच, पण जाणकार गिऱ्हाईक हा आकडा ऐकून खूश होतो आणि लगेच सावध पण होतो, कारण उभी गाडी वेगळ्या पद्धतीने म्हातारी होते. टायरची नक्षी शाबूत असते पण रबर कडक झालेलं असतं, बॅटरी मरते, इंजिनखालचे रबरी माउंट आणि सस्पेन्शनचे बुश चिरतात, पेट्रोलच्या नळ्या सुकतात. आता पंपावर ई२० पेट्रोल आहे, त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि २००८ ची गाडी त्यासाठी बनवलेलीच नाही, त्यामुळे तेच पेट्रोल टाकीत चार-चार महिने पडून राहणं काही बरं नाही. आणि काका, ती रविवारची दहा मिनिटं बंद करा. इतक्या वेळात इंजिन नीट तापत नाही, सायलेन्सरमधलं पाणी आतच राहतं आणि बॅटरीला जेवढं दिलं तेवढं सेल्फनेच खाल्लेलं असतं. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा पुतण्याला सांगून तासगावपर्यंत नेऊन आणा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ते वाचा. सहा-सात वर्षांच्या वरचे असतील तर नक्षी कितीही नवी दिसू दे, गिऱ्हाईक चारही टायरचे पैसे कापणार, आणि तुमच्या गाडीला मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत, चारही एकाच मापाचे टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

छताचं तर वेगळंच. एसएलके घेणारा माणूस छतासाठीच घेतो. साधारण २२ सेकंदांत ते सगळं पत्र्याचं छत दुमडून डिकीत जातं आणि बघणारा विरघळतो, तुम्ही पण २०११ ला तसेच विरघळला असणार. आणि तेच जर गिऱ्हाइकासमोर अर्ध्यात अडकलं तर व्यवहार तिथंच संपला. तेव्हा दाखवायच्या आधी आठवडाभर रोज एकदा उघडझाप करा, हायड्रॉलिकचं तेल कुठे झिरपत नाही ना ते बघून घ्या, रबरांना रबराचंच ग्रीस लावा. डिकीतला आडवा पडदा पूर्ण ओढून अडकवलेला नसेल तर छत हलतच नाही, बिघाड काही नसतो, पण अनोळखी माणूस बटण दाबतो, काही होत नाही, आणि तो मनात दोन लाख कमी करून टाकतो. हे तुम्ही स्वतः करून दाखवा.

इंजिनमध्ये जाणकार दोन गोष्टी हमखास बघणार. या १.८ लिटरच्या कॉम्प्रेसर इंजिनची टायमिंग चेन ताणली जाते, मग गार इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड येते. आणि कॅमशाफ्टच्या मॅग्नेटमधून तेल झिरपून वायरिंगमध्ये चढतं, बारीक गळती पण पुढे खर्च मोठा. या दोन्ही गोष्टी आधीच तपासून घ्या, लिहून घ्या, बिल ठेवा. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवायची युक्ती बरेच जण सांगतील, ती करू नका, त्याला बॉनेटवर हात ठेवू दे, गार इंजिन त्याच्या समोर सुरू करा. तुमच्यासारख्या सांभाळलेल्या गाडीला लपवाछपवीचा संशय आला तर ते सगळ्यात वाईट.

संशयावरून आठवलं, आणि हे सांगली-मिरजेतल्या प्रत्येक वाचकासाठी आहे, गाडी कुठलीही असो. एमएच १० नंबर बघितला की बाहेरच्या माणसाचा पहिला प्रश्न एकच, पुरात होती का? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०२१ ला परत पाणी आलं. त्यानंतर किती गाड्या धुऊन-पुसून पुण्या-मुंबईला विकल्या गेल्या हे तिकडचे लोक विसरलेले नाहीत, आणि त्याचा भुर्दंड तुमच्यासारख्या कोरड्या गाडीला बसतो. तुम्ही २०१९ ला पाणी चढायच्या दोन दिवस आधी गाडी विट्याला मेव्हण्यांकडे नेऊन ठेवली होती, हे पत्रात एका ओळीत येऊन गेलंय. काका, ही ओळ जाहिरातीत सगळ्यात वर पाहिजे! त्या दिवसांतला मेव्हण्यांच्या अंगणातला गाडीचा फोटो मोबाईलमध्ये असेल तर काढून ठेवा, त्याच्यावर तारीख असते. त्या वर्षीचं सर्व्हिसिंगचं बिल आणि इन्शुरन्सवर क्लेम नसल्याचा कागद पण जोडा. आणि गिऱ्हाइकाला म्हणा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ, सीटखालच्या पट्ट्या बघ, कार्पेट उचल, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाल. तिथे गाळ किंवा गंज नसला की त्याच्या चेहऱ्यावरच कळतं.

आता किंमत. साडेसहा ऐकून तुम्हाला अपमान वाटला. मला वाटतं त्या डीलरने अपमान केलेला नाही, त्याने त्याचा हिशोब केला. त्याला टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग दिसतंय, दोन सीटच्या गाडीचं गिऱ्हाईक यायला सहा महिने लागू शकतात तोपर्यंत त्याचे पैसे अडकणार, आणि त्यावर त्याला चार पैसे सुटायला हवेत. दुसऱ्या बाजूला त्या १४-१५ च्या जाहिराती. त्या मागितलेल्या किमती आहेत, मिळालेल्या नाहीत. पाच-सहा जाहिराती सेव्ह करून ठेवा, महिन्याने बघा, ज्या तशाच लटकलेल्या आहेत त्यांचा आकडा चुकलेला आहे असं समजा. मॉडेल पण नीट बघा, त्यात काही एसएलके ३५० असतील, त्यांचं इंजिन मोठं, ती गाडीच वेगळी. आणि तुम्ही १५ वर्षांत गाडीवर केलेला खर्च बेरीज करून पाठवलाय, सहा लाख ऐंशी हजार. ती बेरीज कृपा करून कुणाला दाखवू नका, बिलं दाखवा. बिलांनी गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो, बेरजेने त्याला वाटतं हा माणूस माझ्याकडून जुने पैसे वसूल करतोय. ते पैसे तुम्ही आंबा घाटातल्या सकाळी, कास पठाराच्या वाटेवर आणि मुलगा बारावी झाला तेव्हा त्याला शेजारी बसवून गोव्याला गेलात तेव्हाच वसूल केलेत.

गाडी न बघता आकडा सांगणं बरोबर नाही, पण पद्धत सांगतो. एखाद्या जाणकार, मर्सिडीजवर हात बसलेल्या मेकॅनिककडून पूर्ण तपासणी करून घ्या, कॉम्प्युटर लावून, रंगाची जाडी मोजून, लेखी. जे लगेच लागणार आहे त्याचा खर्च काढा. मग स्वतःसाठी एक तळ ठरवा, ज्याच्याखाली देण्यापेक्षा घरी ठेवलेली बरी, तो आकडा कागदावर लिहून काकूंकडे द्या आणि त्याच्यावर रात्री चर्चा बंद. जाहिरातीतली किंमत त्याच्यावर थोडी, घासाघिशीला जागा राहील इतकीच. चारचौघं बघून जातात पण कुणी बोलत नाही असं दोन-अडीच महिने झालं तर किंमत खाली आणा, त्यात लाज नाही.

नवीन रंग मात्र मारू नका. तुम्ही विचारलंय की विकायच्या आधी पूर्ण पेंट करून घेऊ का. १८ वर्षांचा मूळ रंग शाबूत आहे ही तुमची दौलत आहे, ताजा रंग दिसला की माणूस विचारतो खाली काय लपवलंय. पॉलिश करा, आतलं लेदर साफ करा, बस.

विकायची कुठे? सांगलीत या गाडीचं गिऱ्हाईक मिळणं अवघड आहे, गल्लोगल्लीच्या स्पीडब्रेकरवर पोट घासणारी गाडी घेऊन रोज कोण फिरणार. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर इथले हौशी लोक बघा, मर्सिडीजवाल्यांचे ग्रुप असतात तिथे फाईल असलेल्या गाडीला मान आहे. बेळगाव-बेंगळुरूचं गिऱ्हाईक आलं तर त्याला आपल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) लागेल आणि तिकडचा रोड टॅक्स परत भरावा लागेल, तो ते पैसे तुमच्याकडून कापायला बघणार, म्हणून महाराष्ट्रातला माणूस थोडा कमी देत असला तरी हिशोबात तोच बरा पडू शकतो. धावपळ जमत नसेल तर पुण्यात काही डीलर पार्क अँड सेल करतात, गाडी त्यांच्याकडे उभी, मालकी तुमची, विकल्यावर ठरलेलं कमिशन. कंबरेचा त्रास बघता हा मार्ग तुमच्यासाठी वाईट नाही, फक्त किती किलोमीटरवर गाडी दिली ते लिहून घ्या, इन्शुरन्स चालू ठेवा, आणि किती महिन्यांनी परत घेणार ते आधीच ठरवा. आणि पितृपक्षात जाहिरात टाकून फोन वाजत नाही म्हणून खचू नका, पाऊस ओसरला, दसरा-दिवाळी जवळ आली की उघड्या छताच्या गाडीचे फोटो पण चांगले येतात आणि माणसांचा हात पण सैल होतो.

आता मित्राचा मुलगा. तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग हाच आहे म्हणून त्यावर जरा थांबतो.

तुम्ही लिहिलंय की ओळखीच्याला दिली तर निदान गावात दिसेल. मला उलट वाटतं, गावात दिसणं हेच तुम्हाला झेपणार नाही. आज काळं रॅप, उद्या पुष्पराज चौकात सायलेन्सरचा आवाज, परवा बंपर फुटलेला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी येऊन सांगणार, अहो तुमची गाडी बघितली. तुम्ही त्या मुलाला बोलणार, तो म्हणणार काका गाडी आता माझी आहे, आणि काका, तो बरोबर असणार. लेक सासरी गेली तरी लेकच राहते, दिवाळीला येते, तिची चौकशी करायचा हक्क राहतो. विकलेल्या गाडीवर तसला हक्क राहत नाही. "देतो, पण असंच वापर" ही अट कुठल्याही कागदावर टिकत नाही आणि नात्यात तर अजिबात नाही.

दुसरं, ते सहा लाख. त्या मुलाच्या नियतीवर मला शंका नाही, घरची बाग आहे, बेदाणा आहे, पैसे येतीलही. पण अवकाळी एका रात्रीत बागेचं काय करतो ते तुम्ही बाजारात बसून माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. बेदाण्याला दर नाही मिळाला तर तुम्ही मित्राच्या पोराकडे तगादा लावणार का? नाही लावणार, मला चार पानांत तुमचा स्वभाव कळलाय. मग सहा लाख राहतील आणि मित्राकडे चहाला जाणं बंद होईल. ३० वर्षांची मैत्री म्हणालात. म्हणून त्याला द्यायची असेल तर एकच रीत, त्याने बँकेचं नाहीतर पतसंस्थेचं कर्ज काढून किंवा घरून आणून पूर्ण पैसे द्यावेत, त्या दिवशी गाडी त्याची, आणि मग त्याने ती जांभळी केली तरी तुम्ही बोलायचं नाही. इतकी जुनी गाडी म्हटल्यावर कर्ज सहज मिळणार नाही, ही गोष्ट पण त्याला परस्पर कळू दे. आणि हे तुम्हाला जमणार नसेल तर मित्राला आधी, पोराच्या मागे, नीट सांगा की उधारीवर व्यवहार करून मला आपल्यात काही आणायचं नाही. मित्र असेल तर समजेल.

त्या पोराबद्दल अजून एक बोलतो, त्याच्यावर अन्याय नको. २४ व्या वर्षी रॅप करावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. तो ती गाडी चालवेल तरी. मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर पोलीस दंड करतात, तेवढं त्याला जरूर सांगा. त्याला एकदा रविवारी बोलवा, फाईल दाखवा, छताचं ग्रीस कसं लावायचं ते दाखवा. ऐकताना त्याचे डोळे मोबाईलमध्ये आहेत की गाडीत ते बघा. गिऱ्हाईक निवडणं एवढंच आपल्या हातात आहे, त्यानंतर काहीच नाही.

कागदपत्रांत मात्र कुणाचीही भीड ठेवू नका. माझीच गोष्ट सांगतो, साताऱ्यातली. वडिलांची जुनी गाडी मी एका एजंटला दिली, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून, त्याने सांगितलं नावावर करून देतो. दीड वर्षाने पोलीस स्टेशनमधून फोन, तुमच्या गाडीने मोटरसायकलला धडक दिलीय. गाडी तीन हात फिरली होती आणि आरसीवर नाव माझंच. माणूस वाचला म्हणून निभावलं, पण त्या रात्री मी झोपलो नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे स्पष्टच सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, गाडी पुढे कितीही हात फिरलेली असो. त्यामुळे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, तारीख आणि घेणाऱ्याचं नाव घालूनच सही. १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, परिवहनच्या साइटवर होतं, पुतण्या करेल. दुसऱ्या आरटीओचा माणूस असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचं नाव राहून गेलेलं असतं, तेवढं बघा, असेल तर फॉर्म ३५. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली नसेल तर आधी बसवा, तिच्याविना आरटीओत काम अडतं. ई-चलान असतील तर भरून टाका. गाडी देताना तारीख आणि वेळ घालून डिलिव्हरी नोट, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स, आणि आरसीवर नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा.

पैसे बँकेतून. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं इन्कम टॅक्सच्या कायद्यात बसत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेएवढाच असतो, कुणी पिशवी घेऊन आलं तरी नको म्हणा. विसार घेतला तर पावती द्या आणि किती दिवस धरून ठेवणार ते त्यावर लिहा. गाडी तुमच्या वैयक्तिक नावावर असेल तर विक्रीवर टॅक्सचं फारसं झंझट नाही, पण अडतीच्या फर्मच्या नावावर घेतली असेल, घसारा काढला असेल, तर आधी सीएला विचारा, तिथे जीएसटीचा पण प्रश्न येतो.

नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. इन्शुरन्स कंपनीकडून पत्र घ्या, पुढे उंच सीटची एखादी गाडी घेतलीत तर तीन वर्षांत वापरता येतो. आणि फास्टॅग बंद करा, नाहीतर तो माणूस पुण्याला जाताना तासवडे आणि आनेवाडीचे पैसे तुमच्या खात्यातून जातील.

टेस्ट ड्राइव्हला लायसन्स बघितल्याशिवाय चावी नाही, शेजारी पुतण्या बसणार, रस्ता तुम्ही ठरवणार.

ठेवायची का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पुतण्याला चालवायला सांगून तुम्ही शेजारी बसू शकत असाल आणि त्यात तुम्हाला आनंद असेल तर ठेवा, मी विकाच म्हणणार नाही, परवडत असेल तर माणसाने हौस का मोडावी. हे घरबसल्या कळणार नाही म्हणून एक करा. एखाद्या सकाळी सहाला, ऊन यायच्या आत, छत उघडून पुतण्याबरोबर नृसिंहवाडीपर्यंत जाऊन या. बसताना आधी पाठ सीटकडे करून खाली बसा आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्या, उठताना उलटं, कंबरेला पीळ बसत नाही, आणि तरी डॉक्टरांना आधी विचारा. येताना पुतण्याला उतरवून काकूंना बसवता आलं तर अजून छान, १५ वर्षांत त्या त्या गाडीत किती वेळा बसल्यात ते मला पत्रातून कळलं नाही. परत आल्यावर तुम्हाला उद्या परत जावंसं वाटलं तर गाडी राहू दे. "झालं, बघितलं" असं वाटलं तर त्याच सकाळी फोटो काढून घ्या, उजेड चांगला असतो. विकतोय म्हणजे हरलो असं तुम्ही लिहिलंय, ते मला पटत नाही. कंबरेने गाडी सोडायला लावली, तुम्ही तिला पत्र्याला एक डाग न लागता पुढच्या माणसाच्या हातात देताय.

जाहिरातीचा मजकूर लिहून झाला की मला पाठवा, मी वाचून देतो. त्यात गाडीचे दोष आधी लिहा, मग बाकीचं. आणि दुसरी चावी शोधून ठेवा, पत्रात तुम्ही देवघराच्या कपाटातल्या एकाच चावीचं लिहिलंय, २०११ च्या पावतीवर दोन लिहिलेल्या आहेत.